कालचं तिकीट

काउंटरवर मला दोनच गोष्टी विचारतात,
किती लांब आणि किती वेळ.
मला पाठ आहे. अपिया ते पागो पागो
दीडशे किलोमीटरला थोडं कमी,
पस्तीस मिनिटं. समोरून वारा असला तर चाळीस.
मग जरा थांबून सांगतो, कारण नवखे चक्रावतात :
बुधवारी सकाळी सातला निघालात
की मंगळवारी सात पस्तीसला उतराल.

परदेशी हसतात, तिकिटाचा फोटो काढतात.
आमचे हसत नाहीत.
मध्ये समुद्रात एक रेघ आहे,
पूर्वी ती आमच्या पश्चिमेला होती,
एका डिसेंबरात उचलून पूर्वेला ठेवली.
त्या वर्षी तीस तारीख आलीच नाही.
गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो.
माझ्या मावशीचा वाढदिवस तीसचा,
ती अजून म्हणते,
सरकार माझं एक वर्ष देणं लागतं.

विमान लहान, एकोणीस जणांचं,
म्हणून सामानाआधी माणसं काट्यावर.
आज सलाफाई आली, लेफागाची.
काखेत चादरीत गुंडाळलेली बारीक विणीची चटई,
आईच्या हातची, कडेला लाल पिसं.
आमच्यात मयताला रिकाम्या हातानं जात नाहीत.
बाई एकोणनव्वद, चटई अडीच.
मी लिहून घेतलं.

भाऊ गेला, ती म्हणाली, तोएलुपे.
तिकडे ट्यूना डब्यात भरायच्या कारखान्यात होता,
तेवीस वर्षं.
दर रविवारी प्रार्थनेहून आले की फोन करायचा,
त्याचा तेव्हा शनिवार.
विचारायचा, काय गं, उद्या कसा निघाला?
मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी
आणि वर एक दिवसानं.
पुढे काय आहे ते मी आधी बघायचे,
मग त्याला सांगायचे.
पाऊस आहे. पाद्री लांबण लावतोय. ये बिनघोर.

मागे रांग होती. ती हलेना.

उतरेन तेव्हा मंगळवारच ना?
हो.
सात पस्तीस?
वारा नसला तर.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
मंगळवारी अकराला गेला तो, म्हणाली,
मी नारळ खवत होते तेव्हा.
सात पस्तीसला होता.
सात पस्तीसला तर त्यानं
चहासुद्धा घेतला नसेल.

मला सांगता आलं असतं.
की घड्याळ दोन्हीकडे एकच वाजवतं, वार तेवढा वेगळा,
की तिच्या मंगळवारी अकराला तिकडे सोमवार होता,
आणि तो सोमवार तिकडच्या लोकांनी
काल रात्रीच आवरून ठेवलाय,
आंघोळ घालून, पांढरं नेसवून.
हे सगळं मी रोज समजावतो,
पर्यटकांना तर कागदावर रेघ काढून.
मी चटईला चिठ्ठी बांधली
आणि गाठ पुन्हा एकदा सोडून बांधली.

परतीचं? मी विचारलं.
शुक्रवारचं दे.
शुक्रवारी निघालीस तर शनिवारी पोचशील.
म्हणजे दिलेला दिवस काढून घेणार?
सगळ्यांकडूनच घेतात, मी म्हणालो,
आणि ते नियमासारखं ऐकू आलं.

सात वाजून चार मिनिटांनी विमान सुटलं.
वारा समोरून होता.
पंचेचाळीसला रेडिओवर आवाज आला, उतरले.
नोंदवहीत निघाल्याच्या रकान्यात बुधवार,
पोचल्याच्या रकान्यात मंगळवार,
दोन्ही माझ्याच अक्षरात, एकाच पेनानं.

मग नऊच्या विमानाची माणसं आली.
एक जाडजूड गृहस्थ काट्यावर चढले,
पोट आत ओढून.
वजन सांगू नका मोठ्यानं, म्हणाले,
आणि किती वेळ लागतो?

मी भिंतीवर बघितलं.
अकराला अजून दोन तास होते.